लाल रेघेबाहेर

तो हात मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी प्रिंट खिडकीतल्या उन्हात तिरपी धरली होती. आमचं ऑफिस बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागे, कापडाच्या दुकानांच्या वर होतं. हॉटेलं, दवाखाने, बँका यांच्या भिंतींसाठी चित्रं आणि फोटो निवडून, फ्रेम करून द्यायचे, हा आमचा धंदा. जुफैरमधल्या एका हॉटेलने बँक्वेट हॉलबाहेरचा लांब कॉरिडॉर नव्याने करायला घेतला होता. तिथे त्यांना शंभरेक वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांतले फोटो हवे होते: एखादं मोठं शहर, सुट्टीचा दिवस, मजा करणारे लोक. सरांनी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून, बंद पडलेल्या एका वर्तमानपत्राच्या मूळ प्रिंट मागवल्या. दोन पेट्या आल्या. स्कॅन करून साफ करायचं काम माझ्याकडे होतं.

हे काम मला आवडलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं. रस्त्यावरच्या नळाखाली भिजणारी मुलं, बोटीच्या डेकवर गवती हॅट घालून बसलेले पुरुष, बागेत बँडभोवती जमलेली गर्दी, पायघोळ झगे वर धरून घोट्याएवढ्या समुद्रात उतरलेल्या बायका. प्रत्येक प्रिंटवर संपादकाने लाल पेन्सिलीने चौकट आखलेली होती. आतलं छापायचं, बाहेरचं नाही. मागच्या बाजूला छापून आलेल्या फोटोचं कात्रण चिकटवलेलं असे, त्यामुळे मला दोन्ही दिसायचं. रेघेबाहेर कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी असायची, कुणी घोड्याचा लगाम, कुणी जड टोपली. पहिली पेटी संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की शहराची मौज दाखवायची तर कामावर असलेली माणसं आधी बाजूला करावी लागतात.

त्या फोटोत गोठलेल्या तळ्यावर तीन बायका होत्या, फरच्या टोप्या घातलेल्या, एकमेकींना धरून हसणाऱ्या. छापलेल्या कात्रणात एवढंच. मूळ प्रिंटवर मात्र डाव्या कडेला, रेघेबाहेर, एक माणूस बर्फावर गुडघे टेकून एकीच्या स्केटचा पट्टा आवळत होता. मान वर करून तोही हसत होता. तो कापला तरी त्याचा हात तिच्या बुटावर, रेघेच्या आत उरत होता. म्हणून कुणीतरी हातावर बर्फाच्या रंगाचा लेप दिला होता. शंभर वर्षांत लेपाचे पोपडे निघाले आणि बोटं परत वर आली.

त्या दिवशी जेवताना मी हे डॅडींना सांगितलं. एरवी ऑफिसचं मी काही सांगत नाही, आणि सांगितलं तरी इंग्रजीत, दोन वाक्यांत. डॅडींचा घास हातात राहिला.

"म्हणजे तो हात लपवला तरी राहिला?"

"हो."

"हा आमच्या हॉटेलात लागणार? मग मला तो बघायचाय. आमच्यातलाच आहे तो."

"लागेल," मी म्हणाले.

डॅडी त्याच हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचे मुख्य, होते. वसईहून आले तेव्हा ते माझ्या आत्ताच्या वयाचे होते. सरांना मी हे कधी सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही; विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. असं स्वतःला समजावण्यात मी लहानपणापासून हुशार आहे. मी अकरा वर्षांची असताना वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस डॅडींच्या कॉफी शॉपमध्ये होता. ती जनाबियातल्या व्हिलामध्ये राहायची. टेबलावर डॅडी आले, सगळ्यांच्या ग्लासांत मँगो ज्यूस ओतत. प्रत्येक मुलगी म्हणाली, "थँक यू, अंकल." माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणाले, "थँक यू, अंकल." घरी येऊन डॅडी मम्मीला हसत हसत म्हणाले, "ऐकलंस का? आज पोरीने मला अंकल केलं!" मग कितीतरी वर्षं ती घरातली गंमत होती. मी पाणी मागितलं की ते वाकून विचारायचे, "अंकल आणतील का?" मम्मी हसायची. मला कधीच हसू आलं नाही आणि मी कधी सॉरीही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलापाशी गेले. सर पुण्याचे; इंग्रजीत सुरू करायचे आणि चिडले की मराठीवर यायचे.

"सर, हा पूर्ण ठेवूया का? न कापता?"

"अगं, तो बूट बांधणारा कशाला? क्लायंटला काय हवंय? लोक एन्जॉय करताना."

"तोही हसतोय, सर."

"टिप मिळणार असेल तर हसेल नाहीतर काय!" आपल्या विनोदावर ते स्वतःच हसले. "हे बघ, त्या कॉरिडॉरमधून लोक लग्नाला जाणार. रेघेवर काप आणि तो हात साफ कर. त्या संपादकाला अक्कल होती. यल्ला, लाग कामाला."

मी "ओके सर" म्हणाले. हात साफ केला. डॅडींना मात्र सांगितलं नाही.

उद्घाटन संध्याकाळी सहाला होतं. मी घरच्यांना बोलावू शकत होते, पण स्टाफने ड्यूटी नसताना पाहुण्यांच्या भागात यायचं नाही, असा त्या हॉटेलचा नियम होता. कॉफी शॉपचा माणूस बँक्वेटच्या मजल्यावर दिसला तरी सुपरवायझर विचारणार. डॅडींनी नियमातून वाट काढली. एका बँक्वेट वेटरची त्या दिवसाची शिफ्ट स्वतःवर घेतली आणि आपला साप्ताहिक ऑफ त्याला दिला. कॅप्टनने वेटरचा ट्रे धरायचा, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. सकाळी ते बूट पॉलिश करत होते.

"मला ओळख दाखवू नकोस हं," ते मान खाली ठेवूनच म्हणाले. "तुझे सर असतील, आमचा मॅनेजर असेल. उगाच तुला ऑकवर्ड. मी बघून जाईन."

"ओके, डॅडी."

मी हे फार पटकन म्हणाले. ब्रश क्षणभर थांबला आणि परत चालू झाला.

कॉरिडॉर सुंदर दिसत होता, हे मला मान्य करावं लागेल. जवळच्या अमेरिकन नौदलाच्या तळावरचे काही लोक आले होते. बँकांतले, कंपन्यांतले आपले लोकही होते. सगळे फोटोंसमोर थांबून "सो चार्मिंग" म्हणत होते. मी सरांच्या मागे उभी होते. डॅडी ट्रे घेऊन हळूहळू पुढे सरकत होते, आणि प्रत्येक फोटोच्या डाव्या कडेला त्यांचे डोळे थांबत होते. बर्फाच्या फोटोपाशी ते बराच वेळ रेंगाळले. मग माझ्याकडे आले, ट्रे पुढे केला.

"ज्यूस, मॅडम?" आणि ओठ न हलवता, मराठीत, "तो कुठाय?"

सर वळून बघत होते. मी ग्लास उचलला.

"थँक यू," मी म्हणाले.

"वेलकम, मॅडम."

मग सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा ठरला. नेमका बर्फाच्या फोटोसमोर. फोटोग्राफर हिंदीत ओरडला, "अंकल, थोडा साइड में, प्लीज!" डॅडी बाजूला झाले. पण माझ्या बाजूला, आणि पुरेसे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा मेसेज आला. फोटो आमच्या पेजवर टाकायचा होता. "डावीकडचा वेटर काढ. त्याचा ट्रे तुझ्या बाहीवर येतोय, तोही." मी फोटो मोठा केला. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. डॅडी माझ्याकडे बघत होते, गर्दीत मूल हरवू नये म्हणून बघतात तसं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला जरा सोपं गेलं असतं.

"सर, हे माझे वडील आहेत," असं मी टाइप केलं. इंग्रजीत, मग मराठीत. मग दोन्ही पुसलं आणि डावी कड कापली. बाहीवर ट्रे आणि चार बोटं उरली. ती निवडली, त्यांच्या जागी कुर्त्याचा निळा रंग भरला. एक मिनिटही लागलं नाही. बर्फाचा लेप देणाऱ्या त्या जुन्या माणसाने ब्रशने केलेलं काम उखडलं; माझं उखडणार नाही. फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच सेव्ह केली, मूळ फोटोवरच, म्हणजे मूळ उरला नाही.

संध्याकाळी डॅडींनी विचारलं, "फोटो आला का? दाखव." त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, डावीकडे सरकवला, कडेला जाऊन थांबले. मग परत माझ्या चेहऱ्यावर आणला.

"छान आलीस. मला पाठव."

पुढच्या वर्षी त्यांची नोकरी संपली, व्हिसा संपला, आणि ते नि मम्मी वसईला परत गेले. मी इथेच बहरीनमध्ये आहे, दुसऱ्या ऑफिसात. गेल्या सुट्टीत घरी गेले तर हॉलमध्ये, येशूच्या तसबिरीशेजारी, तोच फोटो मोठा करून फ्रेममध्ये लावलेला. शेजारचे एक काका आले होते. डॅडी त्यांना हौसेने दाखवत होते.

"ही आमची मुलगी. मागे लावलेले फोटो आहेत ना, ते हिचं काम. आमच्याच हॉटेलात."

"आणि तुम्ही कुठे?" काकांनी विचारलं.

"मी? मी होतो की." डॅडींनी बोट उचललं, फ्रेमच्या डाव्या कडेवरून पुढे नेलं आणि बाहेर, रिकाम्या भिंतीवर टेकवलं. "मी इथे."

काकांनी मान डोलावली. डॅडी माझ्याकडे वळले. "काय गं, इथेच ना?"

"हो," मी म्हणाले.