नातीच्या कार्डावरची बरोबरची खूण

तालुक्याच्या एका प्रसूतिगृहाने माझ्या नातीला फसवलं. जन्मल्यावर चोवीस तासांत पहिली काळी शी झाली, या ओळीपुढे त्यांनी तिच्या कार्डावर बरोबरची खूण केली. ती शी झालेलीच नव्हती.

मी गुरांचा व्यापारी. काष्टीच्या बाजारात कुणाचा हात न धरता उभा राहिलो. म्हैस घ्यायची तर आधी तिचं शेण बघतो, दात आणि कास नंतर. मालक सांगतो त्यातलं काही धरत नाही. असा मी, नातीच्या बाबतीत छापील कागदावर विसंबलो.

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. दवाखान्यातून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, हिनं अजून शी केली न्हाई. पोट बघा कसं टम्म झालंय." मी कार्ड तिच्यापुढे नाचवलं. शिकलेल्या माणसांनी लिहिलेलं खोटं आणि तुझं खरं का, म्हणून खेकसलो. ती बाळाला उचलून आत गेली. संध्याकाळी बाळाने हिरवी उलटी केली, तेव्हा गाडी काढून नगर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनीही आधी कार्डच वाचलं. शी वेळेवर झाली म्हणजे आतडं ठीक असणार, असं धरून ते दोन दिवस जंतुसंसर्ग शोधत राहिले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी लेकीलाच विचारलं, शी खरंच झाली होती का. मग आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला गेला आणि कळलं, की शेवटच्या भागात मज्जापेशीच नाहीत.

तोवर विहीणबाई येऊन पोचल्या होत्या. पोटुशी असताना लेकीला भाजकी माती खायची लहर आली होती, हे त्यांना ठाऊक होतं. वॉर्डातल्या सगळ्या बायांसमोर त्या म्हणाल्या, "मातीच खाल्ली, तर लेकराचं पोट बंद पडनारच की." मी त्यांच्याशी आवाज चढवून भांडलो, पण मनातून हललो होतो. ती माती कुंभाराकडून मीच आणून दिली होती. लेकीचं तर जेवणच सुटलं.

ऑपरेशन झालं. निकामी भाग कापून चांगलं आतडं खाली ओढून जोडलं. त्यानंतर एक मुलगी कागद घेऊन आली. आतड्याच्या मज्जातंतूंची वाढ पोटातल्या बाळात कशी होते, यावर ती संशोधन करत होती. कापलेल्या भागातला तपासणीतून उरलेला तुकडा तिला अभ्यासाला हवा होता, त्यासाठी आईची सही लागत होती. मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, सही होईल, पण हे कशानं झालं ते आधी या विहीणबाईंसमोर सांगायचं. ती लगेच हो म्हणाली. एवढ्या लवकर सौदा ठरला की मलाच चुकल्यासारखं वाटलं.

ती स्टुलावर बसली आणि कागदाच्या तुकड्यावर आतडं काढलं. आतड्याला स्वतःच्या मज्जातंतूंचं जाळं असतं, मेंदूला न विचारता ते अन्न पुढे ढकलतं. त्या पेशी आतड्यात जन्मत नाहीत. त्या बाळाच्या मानेच्या बाजूने निघतात, वरून आतड्यात शिरतात आणि वाढत वाढत खाली सरकतात. तिसरा महिना सरेपर्यंत टोकाला पोचतात. तुमच्या नातीच्या पेशी थोड्या अलीकडेच थांबल्या. जिथे त्या नाहीत तिथलं आतडं आवळलेलंच राहतं. का थांबतात, हे काही बाबतींत कळलंय, पुष्कळ बाबतींत नाही. तेच ती शोधत होती.

"आन माती?" विहीणबाईंनी विचारलं.

लेक उठून बसली. "तिसऱ्या महिन्यात? मी माती सातव्यात खायला लागले."

"मग मातीचा काय संबंध?" ती मुलगी म्हणाली. "माती खाऊ नये हे खरंच. पण जे व्हायचं ते त्याच्या आधीच होऊन गेलं होतं."

विहीणबाईंनी पदर सारखा केला. आम्हाला हे कुणी सांगितलं होतं का, असं काहीतरी पुटपुटल्या आणि भाकरीचा डबा लेकीपुढे सरकवला. लेकीने सही केली, मग दीड भाकरी खाल्ली. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

तीन दिवसांनी नातीने शी केली. सिस्टरनी मला दाखवली. पिवळी, सैल, भरपूर. जन्मभर शेण बघून जनावरं घेतली, पण इतका आनंद मला कुठल्या गोठ्यात झाला नव्हता. त्याच दिवशी मी लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा."

त्या पेशींवर माझा राग नाही. त्यांना जमलं तिथवर त्या आल्या. राग आहे तो पेनवाल्यावर. घरी परतल्यावर मी त्या प्रसूतिगृहात गेलो. सिस्टर म्हणाल्या, त्या दिवशी दुसऱ्यांची पाळी होती. डॉक्टर म्हणाले, ती खूण सगळ्यांच्याच कार्डावर करतात, त्यात एवढं काय. एवढं हे, की त्या खुणेपायी मी खरं बोलणाऱ्या लेकीचं तोंड बंद केलं आणि पोर मरता मरता वाचली. तेव्हा ज्याने कुणी ती खूण केली, त्याने माझ्या लेकीसमोर उभं राहून याचं उत्तर द्यावं: त्या दिवशी तुम्ही कुणाचं दुपटं उघडून बघितलंत?