चाचांनी निवडलेला पॅन

घराबाहेर तोंड सोडून आणि घरात तोंड शिवून जगणारा माणूस आख्ख्या भिवंडीत एकच, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. जन्मभर लूम चालवले, आता शेड भाड्याने देऊन मोकळे झालेत. जिन्यात गाठ पडली तर सुताच्या भावावर बोलत राहून समोरच्याच्या पिशवीतलं दूध नासवतील. पण उंबरठा ओलांडला की गप्प. कारण पिंजऱ्यात आहे. चाची गेल्या, पण त्यांचा राखाडी पोपट त्यांच्याच आवाजात बोलतो, शेवटच्या दिवसांतल्या दम्याच्या घरघरीसकट. चाचांच्या मनाने घेतलंय, की त्याने नवा आवाज उचलला तर जुना जाईल. म्हणून त्या घरात कुणीच बोलायचं नाही.

सगळा कारभार हातवाऱ्यांचा. लूमच्या खडखडाटात कारागीर करतात त्याच खुणा. मी एकदा साखर नको म्हणून हात हलवला, तर चाचांनी उठून पंखा बंद केला. आणि अशा त्या मुक्या घरात आपण चहा बशीत ओतत असताना आतून बाईमाणसाचा आवाज येतो, "अवो, जेवाला या. थंड झालं." मी चाचींच्या मातीला जाऊन आलेला माणूस, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहा मांडीवर सांडला. चाचा मात्र मुकाट्याने उठले आणि जेवायला गेले.

जेवण म्हणजे अंडं, आणि ते लोखंडी तव्याला असं चिकटायचं की खरवडून काढावं लागे. पोपटाने तो खरवडण्याचा आवाजच उचलला तर? म्हणून नॉनस्टिक पॅन घ्यायचं ठरलं. तेवढ्यात मानकोलीच्या गोदामात कामाला असलेला भाचा म्हणाला, "मामू, काळ्या कोटिंगचा पॅन गॅसवर राहून लय तापला ना, तर त्याच्या वाफेनं पाखरू मरतं." आणि गॅस चालू ठेवून विसरण्यात तर चाचांचा हातखंडा.

भांड्यांच्या दुकानात त्यांनी मला बरोबर नेलं. तिथे पॅन कापडासारखा पाहिला: उजेडात धरला, थुंकी लावून अंगठा घासला, नख मारलं.

"चाचा, हे पॅन हाय, कापड न्हाय," दुकानदार म्हणाला.

"कांजी मारलेलं कापड पहिल्या धुण्यात उघडं पडतं. हे कवा पडंल, ते सांग."

शेवटी सिरॅमिकचा पांढरट पॅन पुढे आला. याची तसली वाफ होत नाही, असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. चाचांना पटेना. त्यांनी दुकानातलीच शेगडी पेटवायला लावली, रिकामा पॅन तापवला आणि त्यावर मान वाकवून हुंगत राहिले. गिऱ्हाइकं थबकून बघत होती.

"चाचा, तुम्ही काय पाखरू आहात?" मी म्हणालो.

"मला काय झालं तर चालंल," ते म्हणाले. मला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

पॅन उत्तम निघाला. अंडं आवाज न करता ताटात सरकायचं. मग एका दुपारी चाचा पॅनमध्ये तेल टाकून, गॅस तसाच ठेवून नमाजला गेले. परतले तेव्हा घरभर धूर, आणि पोपट पिसं फुगवून मान खाली घालून बसलेला. त्या घरातून चाचांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "बोल ना गो! काय तरी बोल! बोल ना गो!" मी धावत खाली गेलो, खिडक्या उघडल्या, पिंजरा जिन्यात आणला. तेल करपलं होतं, एवढंच. पोपटाला काही झालं नव्हतं.

त्या दिवसापासून पोपट एकच बोलतो. "बोल ना गो, काय तरी बोल." आवाज चाचांचा. संध्याकाळी जिना चढताना ते ऐकू येतं. चाचींचा आवाज पुन्हा आलेला नाही.

आता घरात बोललं तरी काही बिघडायचं नाही, पण चाचा बोलत नाहीत. हाक आल्याशिवाय जेवायलाही उठत नाहीत. मग मीच खाली जाऊन त्यांना हाताला धरून ताटावर बसवतो. ते जेवतात, पण कान आतल्या खोलीकडे असतो. पॅन तुम्ही अगदी बरोबर निवडला होता, हे एकदा त्यांना सांगावंसं फार वाटतं. धीर होत नाही.