आप्पांचा चहा आणि बंद स्वयंपाकघर

मंडळी, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून इथं लिहितेय.

आज वडिलांना घेऊन माधवनगरजवळचं ज्येष्ठांचं एक छोटं निवासस्थान बघून आले. आप्पा फौजेतून रिटायर झालेले, आई गेल्यापासून सांगलीत माझ्याकडेच असतात. हल्ली ते गॅस बंद करायला विसरतात. मी दिवसभर नोकरीवर, आणि रात्री स्वप्नात घर पेटतं.

जागा खरंच चांगली आहे. मोजकीच माणसं, बाथरूममध्ये धरायला दांडे, रात्रीही नर्स. गप्पा मारायला एक रिटायर सुभेदारसुद्धा. मला हायसं वाटायला लागलं, तोच आप्पांनी तिथल्या बाईंना विचारलं, "सकाळचा च्या माझा मी करतो. चालंल न्हवं?"

"नाही आजोबा. स्वयंपाकघरात आम्ही कुणालाच सोडत नाही."

घरी आल्या आल्या आप्पा चहा ठेवायला गेले. मी मागोमाग जाऊन उभी राहिले.

मागं न बघताच म्हणाले, "तितं बी पहारा, हितं बी पहारा. पर हितं तुझी झोप जाती. जातो मी तितं."

त्यांनी दोन कप गाळले, एक माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले.

गॅस चालूच होता.

मी बंद केला. त्यांना सांगितलं नाही.

उपदेश नकोत. ज्यांनी आपलं माणूस अशा ठिकाणी ठेवलंय, त्यांनी एवढंच खरं सांगा. नंतर झोप लागते का?