सुतळीचं गवत

आमच्या रविवारच्या बैठकीत मॉडेलं कमी तयार होतात आणि किस्से जास्त. मॉडेलं निदान कपाटात मांडता येतात. किस्से कुठं ठेवणार? म्हणून ते भेटेल त्याला सांगावे लागतात.

बैठक म्हणजे आम्ही तिघं. मी मूळचा कवठे महांकाळचा, सांगलीत नोकरीला. जगताप पाटणकडचे, मिलिटरीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. आणि नीलिमा, दातांच्या डॉक्टर. जगतापांच्या गॅरेजमध्ये बसून आम्ही बोटभर लांबीचे ट्रॅक्टर, रणगाडे, एसटी बनवतो. गाडी कशीही जमते. खरा घाम निघतो तो गाडीखालच्या पाटावर गवत लावताना. सुतळी बारीक कातरायची, रंगवायची आणि चिमटीचिमटीनं डिंकात उभी करायची.

हे घरी समजावणं अवघड. आई गावाहून राहायला आली होती. दर रविवारी कुठं जातोस, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, गवत लावायला. संध्याकाळी परत आलो तर उंबऱ्यावर खुरपं ठेवलेलं.

"लावून झालं आसंल तर परड्यातलं काढ," आई म्हणाली.

*

सुतळीचं गवत कधीकधी आडवं पडतं. ताठ गवत हवं असेल तर नायलॉनच्या बारीक धाग्यांना करंट द्यावा लागतो. त्याचं मशीन मिळतं, पण जगतापांना विकतचं काही पटत नाही. त्यांनी डास मारायची बॅट फोडली. तिची एक वायर चहाच्या स्टीलच्या गाळणीला जोडली, दुसरी पाटावरच्या ओल्या डिंकात खोचलेल्या खिळ्याला. गाळणीत हिरवे धागे भरून हलवली, आणि पाटावर खरंच गवत उभं राहिलं. त्या आनंदात जगतापांनी गाळणीला हात लावला. एकदम ताठ झाले, मग सावकाश स्टुलावर बसले.

"करंट बरोबर हाय," म्हणाले.

गाळणी वहिनींची होती. त्यांना कळायच्या आत जगतापांनी ती धुऊन जागेवर ठेवली. मिलिटरीतला माणूस, पण धुण्यात कमी पडला. दुसऱ्या दिवशी पाटणहून त्यांचे मामा आले. चहा झाला. मामांनी एक घोट घेतला, कपातलं हिरवं बोटानं बाजूला केलं, आणखी एक घोट घेतला.

"गवती चहा टाकलाय व्हय? वास काय येत न्हाई."

वहिनींनी नवी गाळणी आणली. ती कुलपात असते.

*

एकदा एसटीच्या मॉडेलवरून माझं आणि जगतापांचं बिनसलं. बस आमच्या गावाच्या फाट्यावर उभी दाखवायची होती, आणि जगतापांनी पाटभर कोयनेकाठचं हिरवंगार गवत पेरून ठेवलं. मी सांगितलं, आमच्याकडे उन्हाळ्यात असं नसतं. वाळलेलं, पिवळट असतं.

"मग त्याला गवत कशाला म्हनायचं?" जगताप म्हणाले.

हे मला लागलं. त्या रविवारी आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. पुढच्या वेळी मी गावाकडच्या गवताची मूठ घेऊन आलो, आणि नीलिमा दवाखान्यातून नमुन्याच्या दातांची पट्टी घेऊन आल्या. कवळी करताना रंग जुळवायला ती लागते. त्यांनी माझं गवत एकेका दाताशेजारी धरून बघितलं आणि एका दातावर बोट ठेवलं.

"हा. जुनी तंबाखू, वर चहा."

त्याच रंगात सुतळी बुडवली. पुढं मॉडेलांच्या प्रदर्शनात एक अनोळखी म्हातारा त्या बसपाशी बराच वेळ वाकून उभा होता. मग त्यानं मला विचारलं, "आमचा फाटा हाय का रं ह्यो?"

घरी परतताना जगताप म्हणाले, "बरं. गवत म्हनूया."

*

नीलिमांच्या एक पेशंट तासगावकडच्या. वडिलांच्या पंचाहत्तरीला त्यांना वडिलांच्या पहिल्या ट्रॅक्टरचं मॉडेल द्यायचं होतं. त्यांनी जुना फोटो दिला. ट्रॅक्टर, मागं शेत, शेतातून गेलेला बांध. आम्ही फोटोबरहुकूम सगळं केलं. बांधावरचं गवत जगतापांनी एकेक पातं करून लावलं.

आम्हाला ठाऊक नव्हतं, की आता त्या बांधाच्या अलीकडची द्राक्षबाग त्या बाईंच्या थोरल्या भावाची आहे आणि पलीकडची धाकट्याची. बांधावरचं गवत कुणी कापून न्यायचं, यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

पंचाहत्तरीला आम्हालाही बोलावलं होतं. मांडवात मॉडेलवरचं कापड काढलं. वडील ट्रॅक्टरकडे बघत राहिले. धाकटा वाकला आणि म्हणाला, गवत माझ्या अंगाला झुकलंय, म्हणजे ते माझं. थोरला म्हणाला, नीट बघ. इतक्या दिवसांनी दोघं बोलले ते हे. आवाज चढले, जेवणाची पंगत तशीच थांबली. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

वडिलांनी चष्मा मागितला. मग कात्री मागितली. नीलिमांच्या पर्समध्ये टाके कापायची लहान कात्री होती, ती त्यांनी दिली. म्हातारा खुर्ची ओढून बसला आणि त्यानं बांधावरचं सगळं गवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बुडापासून कापून काढलं. जगताप उठायला लागले, मी त्यांचा हात धरला.

तळहातावर जमलेल्या गवताचे म्हाताऱ्यानं दोन वाटे केले. दोन्ही पोरांना हात पुढं करायला लावले आणि दोघांच्या हातावर एकेक चिमूट ठेवली.

"जावा," तो म्हणाला. "म्हशीला घाला."