चिंचेपासून आठ

कडूबानं नोकरीच्या अठरा वर्षांत एकदाच घंटा चुकवली, आणि त्या दिवशी मी त्याला नाही नाही ते बोललो. अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मेहकर तालुक्यात, जानेफळच्या अलीकडे ते गाव. छत्तीस साली मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. मूळचा घाटाखालचा, म्हणजे गावाला परकाच. रागीट म्हणून माझी ख्याती; खोटं बोलणाऱ्या पोराची तर मी सालटीच काढायचो. कडूबा शाळेचा चपराशी. चाळिशी ओलांडलेला, काटक, चार शब्दांच्या वर कधी बोलायचा नाही. पाणी भरायचं, ओसरी झाडायची, आणि तिथंच साखळीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारून घंटा द्यायची, एवढं त्याचं आयुष्य. त्याला कुणी पोरगी दिली नाही. थोरल्या भावाला यानं मरू दिलं, असं गाव म्हणायचं. मला एवढंच ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, मी कधी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी सातवीला गती शिकवत होतो. पुस्तक इंग्रजी, पोरं वऱ्हाडी, आणि मध्ये माझा जीव. वेग पोरांना कळला होता. गाडी तासाला एवढे कोस जाते, झालं. पण वेग वाढत जातो म्हणजे काय, हे काही केल्या त्यांच्या टाळक्यात शिरेना. शेवटी सुताराकडून बारा फुटांची फळी आणवली, तिला लांबीभर खाच पाडून घेतली आणि एका टोकाखाली वीट सरकवली. बरोबर मध्यावर खडूनं रेघ मारली. दोऱ्याला खडा बांधून टांगला. खड्याच्या दर झोक्याला वर्गानं एक आकडा म्हणायचा. वरून गोटी सोडली. रेघेपर्यंत बारा आकडे झाले, तिथं मी ती हातानं अडवली.

"आता सांगा, उरलेल्या अर्ध्या फळीला किती लागतील?"

"बारा!" सगळा वर्ग ओरडला. दारात उभा राहून कडूबाही म्हणाला, "बारा."

मी गोटी पुन्हा अगदी वरून सोडली आणि या खेपेला अडवली नाही. रेघेपर्यंत बारा. रेघेपासून खाली, पाच.

"अरे गधड्यांनो," मी म्हणालो, "वर गोटी उभी होती. हळू निघाली, म्हणून पहिल्या अर्ध्यात तिनं वेळ खाल्ला. रेघेशी आली ती वेग घेऊनच आली, आणि तो पुढंही वाढतच गेला. मग दुसऱ्या अर्ध्याला तेवढाच वेळ कसा लागेल?"

मधल्या सुट्टीची वेळ झाली, टळली, तरी घंटा नाही. मी तणतणत दाराशी गेलो. बहिरा झालास काय, फुकटचा पगार खातोस, असं बरंच बोललो. कडूबाची नजर फळीवरून हलत नव्हती.

"मास्तर," तो म्हणाला, "वरपासून मधल्या चिंचेपावतर वीस झाले, तं चिंचेपासून खाली किती?"

मी पाटीवर मांडून पाहिलं. "आठ. फार तर सव्वाआठ."

"आठ," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून घळाघळा रडायला लागला. पोरं बघत राहिली. मी त्यांना घरी पिटाळलं.

मग त्यानं सांगितलं. अकरा सालची गोष्ट. कापसाची, हंगामातली पहिली गाडी खामगावला सरकी काढायच्या जिनाकडे निघाली होती. हाकायला थोरला भाऊ पुंजाजी, मागं पायी कडूबा, त्याच्या मागं गावच्या आणखी गाड्या. घाटाचा शेवटचा उतार सरळ होता; अर्ध्यावर एक चिंच, तळाशी नाला. एरवी गाडी वरच थांबवून चाकापुढं लाकडी ठोकळा लावत. ठोकळा साखळीनं गाडीला बांधलेला, त्यामुळं चाक अडखळत, घासत, सावकाश उतरे. त्या दिवशी बैलांना दम खाऊ द्यायला गाडी वर थांबली खरी, पण ठोकळा लावला नव्हता.

"का?" मी विचारलं.

"राह्यलं," कडूबा म्हणाला, आणि पुढं गेला.

उतारावर पुंजाजी मोठ्यानं आकडे म्हणायचा. बैलांना त्या आवाजाची सवय होती. चिंचेशी वीस झाले. गाडी बैलांना रेटतेय हे ध्यानात आलं तसा तो ओरडला, "कडूबा, ठोकळा लाव!" आणि पुन्हा एकपासून मोजू लागला. चालत्या गाडीला घाईनं ठोकळा लावला तर हात चाकाखाली जातो. कडूबानं मनाशी धरलं, अर्धा उतार गेला तर वीस झाले, म्हणजे अजून वीस आहेत, नीट लावू. बाजूनं धावत त्यानं साखळी सोडवली, ठोकळा उचलला.

"भाऊ आठ म्हणाला," कडूबा म्हणाला. "नऊ नाई म्हणाला."

मागच्या गाड्यांवरच्या लोकांनी ते वीस ऐकले होते. तेराव्याला पुंजाजीची बायको गोजरबाई चारचौघांत बोलली, "अर्धा उतार बाकी होता. वीस आकड्यांत बाई हिरीतून घागर काढते. यानं वावरासाठी माहा धनी मरू देल्ला." कडूबानं आपल्या वाट्याचं वावर तिच्या नावावर करून दिलं. तरी पंचवीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"अन् मास्तर, मलेही तसंच वाटे. वीस होते. त्या विसांत म्या काय केलं?"

उठताना त्यानं घंटेकडं बोट केलं. नाल्यातून काढलेली गाडीची तीच साखळी त्यानं रुळाला लावली होती. अंगठ्याएवढ्या जाड कड्या, एकही वाकडी नाही.

दुसऱ्या दिवशी मी गोजरबाईच्या दारात गेलो. तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "मास्तर, तुमची गोटी अन् माहा धनी एकच हाये काय?" मी म्हणालो, "बाई, माझ्यावर विश्वास नका ठेवू. येऊन स्वतः मोजा." तीन दिवस तिनं उत्तर दिलं नाही. रविवारी, शाळा बंद असताना, आली.

कडूबा भिंतीशी मान खाली घालून उभा. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. गोटी तिनं स्वतः सोडली, आकडे स्वतः म्हटले. बारा, मग पाच. पुन्हा सोडली. पुन्हा सोडली. वीट काढून बारीक दगड ठेवला. आकडे वाढले, पण खालचे वरच्यांच्या निम्म्यालाही पोचेनात. बाई हुशार होती. माझ्या वर्गात एकालाही हे सुचलं नव्हतं.

"म्हंजे चिंचेपाशी वेळच नोता," ती म्हणाली.

"नव्हता, बाई. कुणीही असता तरी पोचला नसता."

ती फळीशी बसली. बोट मधल्या रेघेवरून निघालं आणि हळूहळू वरच्या टोकाशी गेलं. तिथंच थांबलं.

"अन् वरूनच ठोकळा लावला असता तं?"

मी वाकून फळीखालचा दगड नीट करू लागलो. मास्तर म्हणून उत्तर सोपं होतं. वेग वाढलाच नसता.

"पहिल्या गाडीच्या चाकाले घरची सून कुंकू लावते," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "कुंकवाचं चाक अडवत नाईत, लक्ष्मी अडते म्हणतेत. धनी म्हणत होते, औंदा वजन जास्त हाये, ठोकळा लावू. म्या हात जोडले. माह्या हातचं पहिलंच कुंकू होतं, नका लावू म्हटलं."

कडूबानं मला सांगितलं होतं, "राह्यलं." पंचवीस वर्षं त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं.

"वयनी," कडूबा भिंतीकडूनच बोलला, "साखळी तुटेल होती. वरून लावला असता तरी ठोकळा निसटला असता."

गोजरबाईनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, खरं?"

तिच्या मागंच, ओसरीत, रुळाचा तुकडा त्या साखळीला लटकत होता. कडूबाही माझ्याकडंच बघत होता.

"तुटकीच होती, बाई," मी म्हणालो. "मी पाहिलीय ती."

तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि भिंतीकडं वळून म्हणाली, "भावजी, पाणी द्या थोडं."