मोबाईल नंबरचा रकाना

पंधरा वर्षं मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिली आणि ती कोणीही वाचली नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. लोक सरळ फोन करायचे. या कंपनीतल्या माझ्या सहा वर्षांत तो फोन माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताई घ्यायच्या.

आमची कंपनी नाशिकला सिडकोत, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत. कांद्याच्या बाजारांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर विकतो. ट्रॅक्टर गेटवर आला की त्याला टोकन द्यायचं आणि त्याचा लिलाव जवळ आला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा, एवढंच त्याचं काम. ताई मूळच्या बागलाणातल्या, सटाण्याच्या. अकरा वर्षं त्या गेटवरच्या कारकुनांच्या अडचणी सोडवत होत्या. समोरचा बागलाणातला निघाला की "गाडी कोठे शे?" म्हणत अहिराणीत शिरायच्या, आणि मग आम्हा बाकीच्यांना फारसं काही कळायचं नाही.

गेल्या वर्षी साहेबांनी एआय एजंट आणायचं ठरवलं. म्हणजे असा प्रोग्राम, जो आमचं सॉफ्टवेअर स्वतःच चालवणार, गाड्या पुढेमागे करणार, शेतकऱ्यांना कळवणार आणि कारकुनांच्या शंकाही फेडणार. त्याने चुका करू नयेत म्हणून लागणारी सगळी माहिती मी लिहायची होती. आयुष्यात पहिल्यांदा मला अक्षर न्‌ अक्षर वाचणारा वाचक मिळाला, आणि तो हा.

साहेबांनी सगळ्यांसमोरच सांगून टाकलं: बागलाणातल्या एका बाजारात आठवडाभर चाचणी होईल, ती जमली तर फोनचं टेबल बंद, फसली तर अजून वर्षभर तरी ताई राहतील. ताईंची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. पन्नाशीनंतर नवी नोकरी कोण देतंय, असं त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या आणि मला लोणचं वाढलं.

लिहिताना अडलं की मी त्यांनाच विचारायचो. दुसरं कोणाला विचारणार? गेटवर नेमकं काय चालतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मला लाज वाटायची. त्या मात्र न कुरकुरता सांगायच्या, वर माझा मजकूर तपासून द्यायच्या.

चाचणी सोमवारी सुरू झाली. गेटच्या कामात मध्ये कोणीही हात घालायचा नाही, मी फक्त मजकूर सुधारायचा, अशी साहेबांची ताकीद होती. संध्याकाळपासूनच तक्रारी यायला लागल्या. काही गाड्यांचा लिलाव जवळ आला तरी त्यांचे मालक जागचे हलत नव्हते, आणि एजंट त्या गाड्या रांगेच्या शेवटी टाकत होता. त्याची काय चूक? 'कळवूनही शेतकरी न आल्यास गाडी मागे घ्यावी,' असं मीच लिहिलं होतं, आणि कळवल्याची नोंद प्रत्येक गाडीपुढे होती. मी ते वाक्य तीन-चार तऱ्हांनी बदलून पाहिलं. खरं सांगायचं तर त्यात फारसा जीव ओतला नाही. चाचणी फसतेय याचा मला आनंद होत होता.

बुधवारी दुपारी ताईंनी आपला मोबाईल माझ्यासमोर ठेवला. त्यावर एकाखाली एक मेसेज होते: आपल्या गाडीचा लिलाव जवळ आला आहे, आपल्या गाडीचा लिलाव जवळ आला आहे. मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. मोबाईल नंबरचा रकाना भरल्याशिवाय आमचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. शेतकरी फोन घरी विसरला किंवा नंबर द्यायला नको म्हणाला, की मागे हॉर्न वाजत असताना कारकून समोर दिसेल तो नंबर टाकून मोकळे होतात. आणि समोर, मॉनिटरला चिकटवलेल्या 'अडचण आल्यास' या चिठ्ठीवर, ताईंचा नंबर असतो. अकरा वर्षं ते मेसेज त्यांना येत होते, आणि त्या लगेच गेटवर फोन करून अमक्या टोकनवाल्याला हाक मारायला सांगत होत्या. सहा वर्षं शेजारी बसून मी त्यांना सतत फोनवर पाहत होतो. मला वाटायचं, बाईंना बोलायची हौस आहे.

"ताई, शुक्रवारपर्यंत गप्प बसा," मी हळू आवाजात म्हणालो. "दोन दिवसांचा प्रश्न आहे. चाचणी फसेल आणि तुम्ही राहाल."

"सोमवारपासून गप्पच बसले की रे," त्या म्हणाल्या. "त्यात एका माणसाची गाडी तीनदा मागे गेली. परवापासून उन्हात उभा आहे तो. त्याचे तिन्ही मेसेज माझ्याकडे आहेत. लिही तू."

मी मुलीची आठवण करून दिली. त्यांनी फक्त मोबाईल माझ्याकडे आणखी सरकवला. मग मी लिहिलं. एजंटने ती ओळ वाचली, तो तशा गाड्यांचे निरोप परस्पर गेटवर द्यायला लागला, आणि संध्याकाळपर्यंत तक्रारी थांबल्या. शुक्रवारी साहेबांनी पेढे वाटले. ताईंनीही एक घेतला.

महिनाअखेरीस त्यांचा शेवटचा दिवस होता. कुठे मुलाखतीला जावं लागलं तर दाखवायला म्हणून त्यांनी माझ्या मजकुराची छापील प्रत मागितली. यातलं निम्मं माझंच आहे, म्हणाल्या, आणि ते खरंच होतं, निम्म्याहून जास्तच. असल्या लिखाणात कोणाचंच नाव घालत नाहीत, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. त्या खुर्चीत बसून एकेक पान उलटत राहिल्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे त्यांचा मोबाईल नंबर होता, दहाच्या दहा आकडे, आणि पुढे माझं वाक्य: 'हा नंबर आढळल्यास निरोप गेटवर द्यावा आणि रकाना रिकामा समजावा.'

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"बरोबर लिहिलंयस," त्या म्हणाल्या, आणि ती प्रत माझ्याच टेबलावर ठेवून निघून गेल्या.