कौन आई?

इकडे हिंदी मुलखात पाळणाघराला झूलाघर म्हणतात. आमच्या साकेत नगरच्या झूलाघरात मुलं सांभाळणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. सून इस्पितळात नर्स. दोन वर्षांची नात इथे रमली नाही, तर सुनेची नोकरी सुटणार होती. तरुणपणी मी मात्र "पाळणाघरात मूल ठेवते ती आई कसली?" असं कॉलनीभर ठणकावत फिरायचे. अक्कल बेताची, आवाज मोठा!

पहिल्याच दिवशी नात "आई! आई!" करून रडू लागली. बाई ओल्या हातांनी दाराकडे धावल्या, बाहेर डोकावून परत आल्या. असं तीनदा झालं. शेवटी मला म्हणाल्या, "अम्मा, बिटिया कब से बोल रही है आई, आई. कौन आई? मुझे तो कोई नहीं दिखी!"

"अरे, आई मतलब मम्मी!"

बाई हसत खालीच बसल्या. मग नातीला कडेवर घेऊन दाराशी गेल्या. "आई नहीं आई, आई शाम को आएगी." नातीला ते गाणंच वाटलं.

संध्याकाळी सून धापा टाकत आली, तर नात कडेवरून उतरेना. सुनेचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "बुरा मत मानो दीदी, अब बेफिकर ड्यूटी करो."

मी सुनेला म्हटलं, "चल, कोपऱ्यावर गरम कचोरी खाऊन येऊ. ही काही एवढ्यात उतरत नाही."